पार्ट कुठून आणणार? सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांची विमानांची गोष्ट

वळसंगहून सकाळच्या एसटीने सोलापूरला कॉलेजला जाणाऱ्या कुणालाही विचारा, वालचंद म्हणजे काय? उत्तर येईल, कॉलेज. कुणी इंजिनिअरिंगचं सांगेल, कुणी आर्ट्स-सायन्सचं. हे एका माणसाचं नाव आहे एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण तो माणूस नेमकं करायचा काय, इथे गाडी अडते. कुणी साखर कारखाना म्हणतं, कुणी रावळगावच्या गोळ्या, कुणी मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी. गंमत म्हणजे ही सगळीच उत्तरं बरोबर आहेत. पण भारतात विमानाचा कारखाना काढायचं डोकं मुळात याच सोलापूरकराचं, हे उत्तर फारच कमी जण देतात. आणि तो कारखाना त्यांच्या हातात जेमतेम सव्वा वर्षच राहिला, हे तर आणखी कमी जणांना माहीत असतं.

ही गोष्ट नीट कळायची तर आधी जरा गॅरेजमध्ये जाऊ. अक्कलकोट रोडवरच्या आमच्या वळसंगसारख्या गावात ट्रॅक्टर, टेम्पो, जुनी जीप, विहिरीवरचं डिझेल इंजिन, काहीही बंद पडलं की मिस्त्री पहिला प्रश्न विचारतो तो पार्टचा. कोणत्या मॉडेलचा? मग तो पार्ट काढायचा, रॉकेलमध्ये बुडवायचा, वायर ब्रशने घासायचा आणि त्यावरचा नंबर शोधायचा. नंबर सापडला तर सोलापुरात मिळतो, नाहीतर पुण्याहून मागवता येतो. कंपनीच बंद पडली असेल, तर दुसऱ्या गाडीचा बसतो का बघायचं. तेही नाही जमलं तर शेवटचा उपाय लेथवाला. तो जुना तुकडा समोर ठेवून नवा घडवतो. जुनं यंत्र चालू ठेवायचं म्हणजे एवढंच असतं. ओळखायचं, शोधायचं, बसवायचं आणि नाहीच मिळालं तर स्वतः बनवायचं.

हेच काम जगात काही लोक छंद म्हणून करतात, आणि वेडे होऊन करतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लष्करी विमानतळांवरच्या गाड्या हा त्यातला एक खास प्रकार. विमानांना पेट्रोल भरणारे ओपेल ब्लिट्झ ट्रक, विमान ओढून नेणारी केटनक्राड नावाची अजब गाडी (पुढे मोटरसायकलचं चाक, मागे रणगाड्यासारखे पट्टे) वगैरे. या गाड्यांचे पार्ट ओळखणं मोठं डोकेफोडीचं काम. युद्धकाळात जर्मनांनी बऱ्याच लष्करी मालावर कंपनीचं नाव घालणं बंद केलं होतं. नावाऐवजी नुसती सांकेतिक अक्षरं ठोकलेली असायची, म्हणजे माल शत्रूच्या हाती पडला तरी तो कुठल्या कारखान्यातून आला ते कळू नये. आता 80 वर्षांनी ती अक्षरं वाचायची, याद्यांशी ताडून बघायची आणि मग कुठल्या तरी गोठ्यातून नाहीतर भंगारातून तोच पार्ट हुडकून काढायचा.

आपल्याकडे असं काम झालं का? झालं. छंद म्हणून नाही, गरज म्हणून. ट्रकचं नाही, तर चार-चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानांचं. आणि ज्या कारखान्याने ते केलं, तो सुरू करणारा माणूस 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात जन्मला होता.

दोशींचं घराणं गुजराती दिगंबर जैन, पण सोलापुरात पक्कं रुजलेलं. वडील हिराचंद नेमचंद कापसाचा व्यापार आणि सावकारी करायचे. त्यांनी जैन बोधक हे नियतकालिकही सुरू केलं होतं (आम्हा पत्रकारितेच्या मुलांना हा तपशील उगाचच जवळचा वाटतो). वालचंद अगदी तान्हे असतानाच आई गेली. शाळा सोलापुरात झाली, पुढे मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज. डिग्री मात्र पूर्ण झाली नाही. ज्याच्या नावाने आज इतक्या डिग्र्या वाटल्या जातात, त्याच्याकडे स्वतःची एकही नव्हती.

घरच्या धंद्यात त्यांचं मन रमलं नाही. मग त्यांनी लक्ष्मणराव फाटक नावाच्या, पूर्वी रेल्वेत कारकून असलेल्या माणसाशी भागीदारी केली आणि रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. सुरुवात झाली ती बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून. एकीकडे सावकारी घरातला, पैशाची भाषा कळणारा तरुण, दुसरीकडे रेल्वेची कागदपत्रं आणि साहेब लोक ओळखून असलेला फाटक. जोडी जमली. पुढे टाटांसोबत बांधकाम कंपनी झाली, बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांचं काम झालं, 1926 मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. हा सगळा भाग मी मुद्दाम पटकन सांगतेय. तो महत्त्वाचा नाही असं नाही, पण बांधकामात वालचंद यशस्वी झाले आणि यशाच्या गोष्टी एकमेकींसारख्याच असतात. खरी मजा जिथे त्यांना सरकार नको नको म्हणत होतं तिथे आहे.

पहिली तशी जागा म्हणजे समुद्र. भारताच्या किनाऱ्यावरची मालवाहतूक तेव्हा ब्रिटिश कंपन्यांच्या हातात होती. 1919 मध्ये वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि इतरांनी मिळून सिंधिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली. त्यांचं पहिलं जहाज कोणतं, माहितेय? सेकंडहँड! एस. एस. लॉयल्टी. मूळचं ते कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं एम्प्रेस ऑफ इंडिया. मग ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतलं, पहिल्या महायुद्धात ते इस्पितळ जहाज म्हणून चाललं. युद्ध संपल्यावर हे जुनं, दोनदा हात बदललेलं जहाज या मंडळींनी विकत घेतलं आणि 5 एप्रिल 1919 रोजी ते मुंबईहून इंग्लंडला निघालं. वालचंद स्वतः त्यात होते. आज 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच प्रवासामुळे. लॉयल्टी मात्र फार वर्षं टिकलं नाही. 1923 मध्ये ते भंगारात गेलं. कंपनी टिकली. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडली, दबाव आणला, करारांनी हात बांधले, तरी टिकली.

या अनुभवातून वालचंदांना एक गोष्ट चांगलीच कळली असावी असं मला वाटतं. जहाज विकत घेता येतं, पण ते दुरुस्त करायची, बांधायची गोदी दुसऱ्याची असेल तर धंदा खऱ्या अर्थाने आपला होत नाही. पुढचं सगळं आयुष्य ते याच एका प्रश्नाभोवती फिरत राहिले. जोडायचं, की बनवायचं?

1930 च्या दशकात मोटारीचा विषय निघाला. रस्त्यावर मोटारी वाढत होत्या. अमेरिकन जनरल मोटर्सने 1928 पासून मुंबईत शिवडीला कारखाना चालवला होता. पण तिथे फक्त जोडणी चालायची. खोक्यांमधून सुटे भाग यायचे, इथे नट-बोल्ट आवळले जायचे आणि गाडी बाहेर. देशात मोटार बनली पाहिजे हा आग्रह सर एम. विश्वेश्वरय्या यांनी धरला होता. त्यांनी त्याची योजनाच तयार केली आणि वालचंद तिच्यामागे उभे राहिले. मुंबई प्रांतातलं काँग्रेस सरकार अनुकूल होतं. 1939 मध्ये वालचंद अमेरिकेला गेले, मोटार कंपन्यांशी बोलणी केली. पुढे क्रायस्लरशी जमलंही. पण तोवर युरोपात युद्ध पेटलं, काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि दिल्लीतल्या सरकारला मोटारीच्या कारखान्यात रस नव्हता. युद्धासाठी तो गरजेचा नाही असं त्यांचं म्हणणं पडलं.

आता इथे गोष्टीला वळण मिळतं, आणि ते विमानातच मिळतं. अमेरिकेहून परत येताना प्रशांत महासागर ओलांडणाऱ्या विमानात वालचंदांची विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन माणसाशी गाठ पडली. हा पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. जपानी बॉम्बहल्ल्यांमुळे तिकडे त्याची पंचाईत झालेली. वालचंद मोटारीचा विचार करत अमेरिकेला गेले होते, परत आले ते विमानाचा विचार घेऊन. मोटारीला सरकार नाही म्हणतंय ना, मग युद्धाच्या काळात विमानाला कसं नाही म्हणेल? धंदेवाल्याचा हिशेब असा होता, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. वालचंदांना फक्त देशभक्त म्हणून फोटोत बसवणं सोपं आहे. पण ते संधी हेरणारे पक्के व्यापारी होते, युद्ध ही त्यांच्यासाठी संधी होती आणि तिचा उपयोग करून या देशात कारखाना उभा राहावा असंही त्यांना मनापासून वाटत होतं. दोन्ही खरं आहे.

सरकार आधी टाळाटाळ करत राहिलं. 1940 च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, ब्रिटन एकटं पडलं आणि मग मात्र होकार आला. जागा मिळाली म्हैसूर संस्थानात. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी बंगळूरला जमीन दिली आणि संस्थानातर्फे 25 लाख रुपये भांडवलही घातलं. 23 डिसेंबर 1940 रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदवली गेली. अधिकृत भांडवल 4 कोटी रुपये. पुढच्या वर्षी भारत सरकारनेही 25 लाख घालून भागीदारी घेतली. सुरुवातीचं ऑफिस डोमलूर रस्त्यावरच्या एका बंगल्यात होतं. आज ज्याला आपण एचएएल म्हणतो, सुखोई आणि तेजस जिथे तयार होतात, ती कंपनी हीच.

कारखाना उभा राहायचा वेग बघून थक्क व्हायला होतं. डिसेंबरमध्ये नोंदणी, आणि ऑगस्ट 1941 मध्ये हार्लो जातीचं पहिलं शिकाऊ विमान जोडून आकाशात. हो, जोडून. सुटे भाग अमेरिकेतूनच आले होते. पुढे हॉक लढाऊ विमानं आणि व्हल्टी बॉम्बर बनवायची ऑर्डर होती. पण दुसऱ्या बाजूला त्याच काळात एक छोटी गोष्ट घडली, जी मला या सगळ्यात फार महत्त्वाची वाटते. कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे तरुण इंजिनिअर होते. त्यांनी जर्मनीत ग्योटिंगेन विद्यापीठात लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली होती. प्रांटल म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या शास्त्रातले तेव्हाचे गुरूंचे गुरू. जर्मनीत शिकलेल्या या मराठी माणसाने बंगळूरला दहा माणसं बसतील असं बिनइंजिनाचं ग्लायडर डिझाइन केलं. ते जोडलेलं नव्हतं, इथेच आखलेलं आणि इथेच बनवलेलं होतं. सैन्याने ते मोठ्या संख्येने घेतलं नाही, पण कागदावरच्या रेघेपासून उडणाऱ्या यंत्रापर्यंतचा पूर्ण रस्ता त्या कारखान्याने एकदा चालून बघितला.

डिसेंबर 1941 मध्ये जपान युद्धात उतरला. महिन्या-दोन महिन्यांत सिंगापूर पडलं, ब्रह्मदेश जाऊ लागला, एप्रिल 1942 मध्ये विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले. अमेरिकेला आता स्वतःसाठीच विमानं आणि पार्ट हवे होते. बंगळूरला माल कुठून येणार? सरकारला वाटलं, नवीन विमान बनवत बसण्यापेक्षा या भागातली असलेली विमानं दुरुस्त करणारी मोठी जागा हवी, आणि ती खासगी मालकाच्या हातात नको. एप्रिल 1942 मध्ये सरकारने वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे शेअर विकत घेतले आणि कारखाना ताब्यात घेतला. म्हैसूर संस्थानाने आपला हिस्सा सोडला नाही. वालचंदांना पैसे मिळाले, कारखाना गेला. भारतात बांधलेलं पहिलं हॉक विमान त्याच वर्षी जुलैमध्ये उडालं. तोवर वालचंदांचा त्या कंपनीशी संबंध संपला होता.

या निर्णयावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. युद्ध दारात आलेलं असताना सरकारने असा कारखाना हातात घेणं यात विचित्र काही नाही. पण ज्या सरकारला दोन वर्षं आधी इथे यंत्रं बनणं गरजेचं वाटत नव्हतं, त्यानेच तयार कारखाना उचलावा आणि पहिलं काम म्हणून विमान बनवणं बाजूला सारावं, यात वालचंदांना काय वाटलं असेल याची कल्पना करता येते.

मात्र दुरुस्तीचं काम कमी दर्जाचं असतं असं समजू नका. 1943 मध्ये कारखान्याचा कारभार अमेरिकन सैन्याच्या हवाई दलाकडे गेला आणि बंगळूर हा पूर्वेकडच्या आघाडीवरचा विमान दुरुस्तीचा मोठा तळ झाला. ब्रह्मदेश, आसाम, बंगालमधून थकलेली, गोळ्या लागलेली विमानं यायची. कॅटलिना जातीची विमानं पाण्यावर उतरणारी, त्यांना तळं लागायचं. ती उतरायची बेळंदूर तलावात. हो, तोच बेळंदूर तलाव, फेसामुळे आणि पाण्याला आग लागल्यामुळे आपण ज्याचे व्हिडिओ बघितले. इंजिनं सोडवायची, धुवायची, प्रत्येक भाग तपासायचा, झिजलेला बाजूला, चांगला परत. हजारो भारतीय हातांनी हे काम शिकून घेतलं. पुस्तकात बघून नव्हे, करून.

आणि याच हातांची खरी परीक्षा स्वातंत्र्यानंतर झाली. युद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटर जातीची कितीतरी विमानं कानपूरला उभी होती. ही विमानं अमेरिकेने उधारीच्या करारावर दिलेली. करार असा की युद्ध संपलं की परत करा, नाहीतर निकामी करा. परत नेण्याचा खर्च कोण करणार? मग ती मुद्दाम निकामी केली गेली. इंजिनांत वाळू टाकली, अवजड यंत्रांनी विमानांच्या अंगाला धडका दिल्या. जाताना घराचे नळ तोडून जाणाऱ्या भाडेकरूसारखाच प्रकार.

1948 मध्ये नव्या भारतीय हवाई दलाला लांब पल्ल्याची बॉम्बर विमानं हवी होती आणि तिजोरीत डॉलर नव्हते. बंगळूरच्या कारखान्याला विचारलं गेलं, कानपूरच्या त्या भंगारातून काही होईल का? माणसं तिथे गेली आणि कामाला लागली. हेच ते गॅरेजवाल्या मिस्त्रीचं काम, फक्त शंभरपट मोठं. त्यातल्या त्यात कमी मोडलेलं विमान निवडायचं. त्याला जे नाही ते शेजारच्या विमानातून काढायचं. पण लिबरेटर अमेरिकेत पाच वेगवेगळ्या कारखान्यांत बनलं होतं (त्यातला एक फोर्ड मोटारवाल्यांचा), आणि बनता बनता त्यात बदलही होत गेले होते. म्हणजे दिसायला सारखा दिसणारा भाग प्रत्येक वेळी जुळेलच असं नाही. पट्टीवरचा नंबर वाचायचा, मॉडेल ओळखायचं, मग पाना लावायचा.

इथे एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती. लिबरेटरची चारही इंजिनं प्रॅट अँड व्हिटनी कंपनीची, ट्विन वास्प घराण्यातली, प्रत्येकी चौदा सिलिंडरची. म्हणजे एका विमानाला 56 सिलिंडर. आणि याच घराण्यातली इंजिनं कॅटलिनाला होती, डकोटालाही होती. युद्धाची वर्षं बंगळूरच्या मिस्त्र्यांनी ज्या इंजिनांची आतडी बाहेर काढून परत भरली होती, तीच इंजिनं कानपूरला वाळू भरून पडलेली होती. त्यांच्यासाठी ती अनोळखी नव्हती.

विमान उडण्यापुरतं ठीक झालं की ते कानपूरहून बंगळूरला न्यायचं आणि तिथे त्याची पूर्ण दुरुस्ती करायची अशी पद्धत होती. कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ही अर्धवट बरी झालेली विमानं उडवत नेली. असा प्रवास म्हणजे काय असेल विचार करा. चाळीसेक लिबरेटर अशी पुन्हा आकाशात गेली. नोव्हेंबर 1948 मध्ये भारतीय हवाई दलाची पाच नंबरची स्क्वाड्रन या विमानांवर उभी राहिली आणि शेवटची लिबरेटर निवृत्त व्हायला 1968 साल उजाडलं. जगात इतरत्र बहुतेक लिबरेटर केव्हाच वितळवून भांडी झाली होती. त्यामुळे आज जगभरच्या संग्रहालयांत जी मोजकी शिल्लक आहेत, त्यातली बरीच मूळची कानपूरच्या भंगारातली, भारताने जपलेली आहेत. लंडनच्या हेंडन संग्रहालयातलं लिबरेटर इथूनच गेलं. एक दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे, सहलीला गेलात तर शोधा.

घाटगे सरांनी पुढे एचटी-2 हे शिकाऊ विमान डिझाइन केलं, ते 1951 मध्ये उडालं. नंतर जर्मनीचे कुर्ट टांक बंगळूरला आले. महायुद्धात ज्यांची फोके-वुल्फ लढाऊ विमानं जर्मन हवाई दल वापरत होतं, तेच हे टांक. त्यांच्यासोबत मरुत हे जेट तयार झालं आणि 1961 मध्ये उडालं. पण यातलं काहीच वालचंदांचं श्रेय म्हणून सांगता येणार नाही. त्यांनी जागा, पैसा, परवानगी आणि पहिली माणसं जमवली. पुढचं इतरांनी केलं. मला तर त्यातच जास्त दम वाटतो, की मालक गेला तरी कारखान्याला आलेली कला गेली नाही.

वालचंद स्वतः तोवर दुसरीकडे भांडत होते. जहाजबांधणीची गोदी त्यांना कलकत्त्याला हवी होती, जागा मिळाली नाही, मग ते विशाखापट्टणमला गेले. 21 जून 1941 रोजी तिथे राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. नऊ-दहा महिन्यांतच जपानी बॉम्ब पडले, यंत्रं हलवावी लागली. तरी 14 मार्च 1948 रोजी तिथे बांधलेलं जलउषा हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. शेवटी ही गोदीही सरकारकडे गेली, 1952 मध्ये. एकाच माणसाने सुरू केलेले दोन मोठे कारखाने, एक इंग्रजांच्या सरकारने घेतला आणि दुसरा आपल्या.

आणि ती मोटार? ती सोडली नव्हती. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, कुर्ल्याला कारखाना झाला, क्रायस्लरशी केलेला करार उपयोगी आला. स्वातंत्र्याच्या सुमारास डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्या आणि ट्रक कुर्ल्याहून बाहेर पडू लागले. इथे टीका करायला जागा आहे, आणि ती करायला हवी. देशात मोटार बनवणार म्हणून निघालेल्या कंपनीनेही सुरुवात खोक्यांमधले सुटे भाग जोडूनच केली, अगदी शिवडीच्या जनरल मोटर्ससारखीच. फरक इतकाच, की कुर्ल्याचा इरादा एकेक भाग इथे बनवत जायचा होता. इरादा आणि प्रत्यक्ष यात किती अंतर असतं हे त्या पहिल्या वर्षांत कुणालाच नीट सांगता आलं नसतं.

1949 मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. त्यांनी पुढच्या वर्षी कामातून अंग काढून घेतलं. शेवटच्या काळात पत्नी कस्तुरबाई सोबत होत्या. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमध्ये सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. लॉयल्टी मुंबईहून निघालं त्याला तीनच दिवस आधी 34 वर्षं झाली होती.

त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने मोटार उद्योगावर आपला अहवाल दिला. ज्या कंपन्यांकडे गाडीचे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवायची योजना आहे त्यांनीच राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी नाही, असं धोरण ठरलं. शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखाना 1954 मध्ये बंद झाला. कुर्ल्याचा चालू राहिला. तिथे आता फियाट तयार होत होती, आणि सुरुवातीला इटलीहून येणाऱ्या खोक्यांमधला एकेक पार्ट वर्षागणिक कमी होत गेला.